झ्वाने विचारतो, वास कसा येतो

मागच्या हिवाळ्यातल्या तापात झ्वानेचं नाक गेलं.
म्हणजे चेहऱ्यावर आहे, लांबलचक, लालसर,
पण आतला दिवा विझलेला.
बिबा कुत्री तेरा वर्षांची. तीही आता
ओकच्या मुळांशी जाते आणि कशाला आले ते विसरते.
म्हणून मला नेतो, हॉटेलातल्या भांड्यांवरून उठवून,
रात्री अकराला, मिर्ना नदीकाठच्या चिखलात.

आमच्याकडे कुणी खाली बघत नाही.
बालेहच्या काठावर माझ्या आज्याच्या आज्यानं लावलेलं
डुरियनचं झाड आहे. त्याच्या बुंध्याला
आम्ही सहा भावंडं हात धरूनही पुरलो नाही.
फळ तोडायचं नसतं. झोपडीत बसायचं, बोलायचं नाही,
ते आपल्या मर्जीनं सुटतं,
फांद्यांतून सरसर, मग
धप्प.
बाबा ओरडायचे, मेंगा, डोकं सांभाळ!
तोवर मी अंधारात धावलेली.

इथे काहीच पडत नाही.
इथलं फळ, फळही नव्हे ते,
बेढब बटाटा, ना पान ना देठ,
मुळाला बिलगून राहतं, सगळं बोलणं वासानं.
रानडुकरानं यावं, उकरावं, खावं, लांब जाऊन हगावं.
आमच्या झाडाचंही अस्वलाकडे एवढंच मागणं.

पाहुणे ट्रफल किसून घेतात, कागदाहून पातळ,
डोळे मिटतात, चाळीस युरो मोजतात.
सिबूच्या हॉटेलात दारावरच पाटी: डुरियन आणू नये.
मी दोन्हीकडे भांडी घासली आहेत.
एकाच गंधकाच्या दोन लेकी,
एक तेवढी मोठ्या घरात पडली.

आज एका पॉप्लरपाशी थांबले.
वारा पडलेला. बिबा उभ्या उभ्या पेंगत होती.
गुडघे टेकले, नाक मातीला लावलं:
लसूण, ओलं गवत, जुना मध, आणि त्याखाली
काहीतरी, ज्यानं माझे कान टवकारले.
कान. नाक नव्हे.
मी वर पाहिलं.

झ्वानेनं हलक्या हातानं उकरलं.
अक्रोडाएवढा निघाला. सवयीनं त्यानं तो नाकाशी नेला,
मग माझ्या तळव्यावर ठेवला.
सांग ना, म्हणाला, कसा येतो वास?

त्याच्या भाषेतले दोनशे शब्द माझ्याकडे, बहुतेक ताटल्यांचे.
मी म्हटलं, धप्प.

तो जरा वेळ काही बोलला नाही.
मग खड्डा बुजवला, पुढच्या वर्षासाठी,
बुटानं माती दाबून.
तिकडे आता सकाळ होत असेल.
नोव्हेंबर. फळं पडायला लागली असतील.
झोपडीत कोण बसतं हल्ली, माहीत नाही.