कोंदण

आरमोरीच्या बाजारात सोमी कुमरे
कमरेची गाठ सोडते.
वैनगंगेच्या रेतीतला गोटा,
मोहफुलाएवढा, तांबडा, मधे हिरवी रेघ,
एका अंगानं तडकलेला.
"आंगठी कर. घासू नोको."

बापाच्या फुंकणीवर बापाचे दात उमटलेत,
तिथंच माझे बसतात.
चांदीची पट्टी वाकवते, मोजते, पुन्हा वाकवते,
खड्याला घर करते.
कडा दाबताना तडा
हळूच पट्टीखाली सरकवते.

शेजारच्या पाटीत काचेचे खडे,
हिरवे, लाल, सारे एकाच तोंडाचे.
सोमीबाई बोट लांब धरून बघते.
"भेग कोठं गेली व?
तिच्यावरूनच तं वळखला मी पान्यात."

निखारे पुन्हा फुलवते.
पट्टी उकलते.
या घराला खिडकी ठेवायची आहे.

सोमीबाई मुरमुरे खात
बसून आहे.