पुडीचा कागद

कागद मी केला. अक्षर मला येत नाही.
हे आधीच सांगून ठेवतो,
म्हणजे मागाहून कोणी विचारायला नको
की दाऊद, तू वाचलं कसं नाहीस.

जुने दोर, गोणपाट, कोळ्यांची फाटकी जाळी
चुन्यात भिजवायची, ढेंकीखाली कुटायची,
अंजनीच्या पाण्यात धुवायची, पुन्हा कुटायची.
मग चाळणीवर पातळ साय धरते.
भिंतीला चिकटवून वाळवली, शंखानं घोटली
की झाला एरंडोली कागद. बऱ्हाणपुरापर्यंत नाव आहे.

त्या वर्षी केसोपंत वैद्यानं दोन दस्ते नेले.
म्हणाला, भोंदूंवर लिहितोय,
जे सुईनं मोतीबिंदू बुबुळाखाली ढकलतात
आणि डोळा सडायच्या आत तापी ओलांडतात.
दस्ते उधार नेले.

याच केसोपंतानं मायचे डोळे पाहिले होते.
पापणी उचलली, दिवा इकडून तिकडे फिरवला,
हात धुतले आणि म्हणाला, असाध्य.
खरं बोलायला त्याला कधी वेळ लागत नसे.

मग बाजाराला सुईवाला आला.
चोपड्यात तो गोसावी होता, नंदुरबारला हकीम,
आमच्याकडे पोचेतो सुरतेच्या फिरंग्याचा चेला.
काचेच्या कुपीत काढलेले मोतीबिंदू दाखवायचा.
भिवरा भोईण टोपली डोक्यावर घेऊन थांबली,
कुपीत डोकावली, म्हणाली, हे तर माशाचे डोळे!
आणि हसली.
लोक तिच्यावरच खेकसले.
मीही खेकसलो.

आठ दिवसांत सुईत दोरा ओवशील, म्हातारे.
रुपया दिला. वर कोंबडी.

पट्टी सुटली तेव्हा माय माझ्याकडे बघत राहिली.
म्हणाली, तुझी दाढी कधी रे पिकली?
मग तिनं तांदळातले खडे वेचले,
जैनबची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली,
वाळत्या कागदासमोर उभी राहून म्हणाली,
तुझ्या बापाचा कागद असा खरबरीत नव्हता.

नवव्या दिवशी ठणका. अकराव्या दिवशी पू.
सुईवाल्यानं दिलेलं अंजन मी घालत राहिलो,
दिवसातून तीनदा,
पुडी सोडायची, पुडी बांधायची.

कमाविसदाराकडे गेलो. तो एका कुल्ल्यावर बसला होता.
मुळव्याधीचा लेप त्यानंही तिथूनच घेतला होता
आणि हे गावात फुटू नये एवढाच त्याला घोर.
बघतो म्हणाला.

कुलकर्ण्याचा रंगो कागद न्यायला आला,
तर त्याची नजर पुडीवर.
पोर नवंनवं वाचायला शिकलेलं, सापडेल ते वाचतं.
“...नेत्र काही दिवस देखतो, मग समूळ जातो.
ऐसियांस द्रव्य देऊ नये, अंजन घेऊ नये...”
पुढचं मायच्या पुवानं भिजलेलं होतं.

केसोपंताच्या चार नकला झाल्या होत्या.
एक वाण्याकडे गेली, वजनावर.

कागद मात्र मी पहिल्याच दिवशी ओळखला होता.
कोपऱ्यात गोणपाटाचा धागा राहिलेला, माझ्याच हातचा.
पुडी बांधताना बरं वाटलं होतं,
आपला माल कुठे कुठे जातो.

केसोपंताला सांगितलं.
त्यानं आधी विचारलं, कोणतं पान?
मग गप्प झाला.
रात्री राळेचं मलम घेऊन आला, उंबऱ्याशी घुटमळला,
आत आला.
तो शब्द या वेळी बोलला नाही.
डोळा धुतला, मलम लावलं, बसून राहिला
दिव्यातलं तेल संपेपर्यंत.

मायला वाटलं, तो तिला रागवायला आलाय.
म्हणाली, “आठ दिन ते दिखनं ना माले.”

हे लिहू का, त्यानं मला विचारलं.
मी काय सांगणार.
उठलो, आणखी एक दस्ता काढून त्याच्यापुढे ठेवला.
म्हटलं, मागचे राहू दे.
याचे मात्र रोख.