नमुना

सरांनी फळ्यावर एक मोठा गोल काढला,
आत एक छोटा गोल.
मोठा म्हणजे समष्टी, छोटा म्हणजे नमुना,
म्हणाले, आणि हाताचा खडू झटकला.

मी बेळगावहून निपाणीला निघाले
सकाळच्या लाल बसने,
मांडीवर साठ प्रश्नावल्या.
इंग्रजी गाईडसाठी, कन्नड ऑफिससाठी,
मराठी, जिनं उत्तर द्यायचं तिच्यासाठी.
'जॉब सॅटिस्फॅक्शन'चं मी 'कार्यसमाधान' केलं होतं
आणि त्या रात्री स्वतःवर खूश होऊन झोपले होते.

विड्यांच्या ठेकेदारानं नावांची यादी दिली.
टाईप केलेली, पत्त्यांसकट.
केवढं सहकार्य, मी डायरीत लिहिलं.

तानुबाई शिप्पूरकरच्या मांडीवर सूप,
सुपात पानं, जर्दा, दोऱ्याचं रीळ.
बोटं माझ्याकडं न बघता चालू.
"कार्यसमाधान म्हंजी काय गं?"
म्हणजे, काम करताना बरं वाटतं का.
"थांबल्यावर वाटतंय."
पाच चौकटी होत्या माझ्याकडं,
पूर्ण समाधानी ते पूर्ण असमाधानी,
थांबल्यावरची एकही नव्हती.

दारात ठेकेदाराचा माणूस उभा होता,
तोवर सगळ्या बायका 'समाधानी'.
तो चहाला गेला.
फातिमाबीनं माझ्या हातातलं पेन घेतलं,
आधीची खूण गिरवून काळी केली
आणि शेवटच्या चौकटीत नवी केली.
पुस्तकात याला एक नाव आहे.
मला परीक्षेत ते आठवलं होतं,
तिथं आठवलं नाही.

मलव्वा हुक्केरीकडची, लग्न होऊन इकडं.
प्रश्न चौथा : मातृभाषा. फक्त एका चौकटीत खूण करा.
"हिशेब कन्नडात करतो री मी,
भांडण मराठीत. आईचं हे, सासूचं ते.
लेकरं झोपवताना काय बोलतो, ते झोपल्यावर कळंना."
आणि तिनं खूण केली
दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर.
घाईत नाही. नीट बघून.

दुपारी माल तपासायला आला एक जण.
हजारातल्या मूठभर जुड्या उचलल्या,
दाबल्या, एक विडी मोडली, हुंगली,
उरलेल्या न बघताच म्हणाला, एवढी छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
मी उठून बसले. हे तर आमचं प्रकरण तिसरं.

तानुबाई हसली. पुढचे दोन दात नाहीत तिला.
"आदी वरच्या उचलायचा.
मग आमी चांगल्या वर ठिवाया लागलो.
आता त्यो तळातनं काढतो.
आता आमी तळात बी ठिवतो.
त्यो बी शाना, आमी बी शान्या."
मग दोरा दातानं तोडला.
"तू कुठनं काढलीस गं आमास्नी?
वरनं, का तळातनं?"

यादी माझ्या पिशवीत होती.
टाईप केलेली.

"काय नमुना हाय ही पोरगी," फातिमाबी म्हणाली,
"पानी तरी पी."

पाणी प्याले. यादी तिथंच चुलीजवळ ठेवली
आणि मागच्या बोळात शिरले,
एक घर सोडून एक घर,
कुत्र्याच्या मागनं, गटारावरच्या फरशीवरनं.
निम्मी दारं बंद होती. ती कशात धरायची, माहीत नव्हतं.
संध्याकाळपर्यंत एकेचाळीस झाल्या.

गाईड म्हणाले, साठ का नाहीत?
एकेचाळीस म्हणजे काय आकडा आहे?
म्हटलं, सर, आधी पहिल्या वीस मी काढून टाकल्यात
आणि का ते सांगते. ते म्हणाले, थोडक्यात सांग.

थोडक्यात सांगितलं. 'मर्यादा' या शीर्षकाखाली
चार ओळी बसल्या.

पण मलव्वाची प्रश्नावली मला काढवेना.
संगणक विचारत होता : एक की दोन?
एक मराठी, दोन कन्नड,
नऊ म्हणजे उत्तर दिलेलं नाही.
रात्री बारापर्यंत ती चौकट रिकामी होती.
मग मी नऊ दाबला.

दिलं होतं तिनं उत्तर.