जेल रोडवरचा कव्हरवाला

नवं मॉडेल आलं. कॅमेरा
दोन सूत डावीकडे सरकला,
नि माझी एकोणचाळीस कव्हरं
एका रात्रीत आंधळी झाली.

दर वर्षी कशाला, भिया?
एका वर्षात तो असं काय शिकतो?
पोरगी सहावीतून दहावीत जाते
तेवढा तरी दम धरा.

काल रेशीमवाले मास्तरीणबाई आल्या,
जुना टॅब पदरानं पुसत. "ह्याचं मिळेल?"
तळातल्या खोक्यात सापडलं,
भोक बरोबर डोळ्यावर.
"चालतोय तोवर चालवायचा," म्हणाल्या,
आणि वीस रुपये कमी दिले.

सकाळी कचऱ्याची गाडी दारात.
कोरड्या कचऱ्यात टाकायला काढलेलं खोकं
मी परत आत नेलं,
मार्करनं त्यावर साल लिहिलं.