डावीकडची यादी

सातच नावं घे, तोर्निके म्हणाला.
सातांपुढे माणूस वाचत नाही,
असं तो बातुमीच्या कुठल्याशा परिषदेत ऐकून आलाय.
तिबिलिसीतल्या चारशे बारा लिफ्ट आमच्याकडे,
आणि विकीवर त्यांची सहाशे पानं,
भांडलेल्या जावांसारखी
एकमेकांकडे पाठ करून.

सोमवारी सकाळी बसले.
'आमच्याविषयी' सगळ्यात वर ठेवलं:
कुणी उघडत नाही, पण मानाचं पान.
त्याखाली सुरक्षा, सुटे भाग, करार, वेळापत्रक,
त्याखाली हिशेब, त्याखाली रजा.
तासाभरात लामारा तिच्या टेबलावरून उठून आली,
हिशेब रजेच्या शेजारी का म्हणून.
मी हिशेब तीन पायऱ्या वर ओढला.
मग सुटे भाग कुरकुरले,
म्हणजे गोदामातला वाझा कुरकुरला.
पानं मांडायच्या आधीच पंगत बिघडली.

बाकीचं सगळं या सातांच्या पोटात घालायचं होतं.
काही पानं मुकाट गेली:
दोर बदलणं, दोराचं तेल,
नाणं अडकलं तर डबी कशी खोलावी,
वीस तेत्रींऐवजी शर्टाचं बटण टाकणाऱ्यांची
इमारतवार नोंद.
काही जाईनात.
जुंबेरनं निवृत्तीच्या आधल्या महिन्यात
दोन बोटांनी टाइप केलेली ती:
'पाचव्यावर थांबत नाही, सहाव्यावरून चालत उतरा.'
'आधी बाईंना हाक मारा.'
कुठल्या बाई, ते नाही.
'दार डाव्या खांद्यानं.'
आणि एक पान, नाव नुसतं 'कुत्रा'.

नाद्झालादेवीतली नऊ मजली इमारत.
आत दोनच ओळी:
जिन्याखाली असतो, चावत नाही.
निजला असेल तरच खड्ड्यात उतरा, कान उभे असतील तर थांबा.

सुरक्षेत घातलं तर ऑडिटवाले हसतील.
करारावर कुत्र्याची सही नाही.
सुट्या भागांत घालू का, तर वाझा म्हणाला, आधी बिल दाखव.
'इतर' असं एक आठवं नाव काढावं म्हटलं,
पण इतर म्हणजे स्वयंपाकघरातला तो खण,
रबरं, मेणबत्त्या, कुणाकुणाच्या किल्ल्या,
एकदा ओढला की पुन्हा नीट बसत नाही.

कोण काय उघडतं त्याचे आकडे काढले.
'आमच्याविषयी': वर्षात तीनदा. तिन्ही वेळा मीच.
'कुत्रा': दोनशे सहा.

शेवटी जुंबेरना फोन लावला.
मागे टीव्ही, आणि कुणीतरी अक्रोड फोडत होतं.
हे कुठे ठेवू, विचारलं,
तुम्ही असता तर कुठे शोधलं असतं?
मी कशाला शोधू, म्हणाले, मला फोन येतो.
मग बराच वेळ नुसते अक्रोड.
मग म्हणाले, कुत्रा गेला गं. दोन हिवाळे झाले.
म्हटलं, मग पान काढून टाकते.
काढू नकोस, जरा चढ्या आवाजात.
पोरं ते वाचतात, जिन्याखाली वाकून बघतात,
कुत्रा दिसत नाही
म्हणून तिथंच उभी राहतात, कान देतात.
तेवढ्यात वरून येणारी येऊन जाते.

संध्याकाळी तोर्निके माझ्या खुर्चीमागे आला.
स्क्रीनला बोट न लावता मोजत खाली उतरला.
आठ, म्हणाला.
हो, म्हटलं.
सगळ्यात खाली, रजेच्याही खाली होतं ते.
त्यानं दोनदा वाचलं,
उघडलं, दोन ओळी वाचल्या,
आणि काही न बोलता, खरंच,
वाकून माझ्या टेबलाखाली बघितलं.