रविवारची चौकट

रविवारच्या पुरवणीत नऊ वर्षं एक चौकट माझी होती:
'तुमचा देव कोणता?'
वर पासपोर्टएवढा फोटो, खाली दोनशे चाळीस शब्द.
संपादक म्हणायचे, वाद नको,
आणि देवांची नावं तेवढी दोनदा तपास.

मग मी पणजीहून बस धरून
मोठ्या माणसांच्या दिवाणखान्यांत बसत गेलो,
थंड कोकम पीत, त्यांच्या मागच्या भिंतीवर
कोण कोण टांगलंय ते मोजत.
'कर्म हीच पूजा' असं एकतीस जणांनी सांगितलं.
त्यांतले चार खाणमालक.
तियात्राचा एक नट डोळे पुसत म्हणाला,
समोरची गर्दी हाच माझा देव,
आणि लगेच, फोटो रंगीत येईल ना?

सगळेच तसे नव्हते.
इनासियो बार्रेटो, बाणावलीचा गोली,
म्हणाला, मॅचआधी मी खुरीस करत नाही.
पलीकडचोय करता मरे. सायबान कोणाचें आयकुपाचें?
तो नुसता खांबाला बोट लावतो.
हे छापलं नाही. त्याच्या आईने फोन करून
सायबिणीचं नाव घालायला लावलं.

आणि वैकुंठ लवंदे. माजी मंत्री.
(या नावाचा नास्तिक कसा, असं विचारलं तर म्हणायचे,
ती बापाची चूक.)
चाळीस वर्षं देवळातल्या कौलाविरुद्ध भाषणं,
शपथ घेताना 'ईश्वरसाक्ष' गाळून
'दृढकथन' म्हणाले, तेव्हा मागून कुणीतरी खोकलं होतं.
बांदोड्याला घरी गेलो तर एका दमात उरकलं:
देव नाही. लिही.
उरलेल्या दोनशे अडतीस शब्दांत
फोंड्याच्या रस्त्यांवर लिही.

निघेपर्यंत दिवेलागण झाली.
ते उठले, खिडकीतली तेलाची बुधली घेतली,
अंगणात उतरून तुळशीपुढे पणती लावली.
पायांत चपला तशाच. फटक, फटक.
मी वहीत मान घातली.
'तिचं काम आहे,' आतल्या खोलीकडे न बघता म्हणाले,
'सात वर्षं उठलेली नाही.
उठेल तेव्हा करील. तोवर मी.'
आणि फाटकाशी येऊन:
'हे छापू नको. लोक म्हणतील म्हातारा नरमला.
नरमलो नाही.'

नाही छापलं.

गेल्या महिन्यात गेले.
एका पेपरात 'शेवटच्या श्वासापर्यंत नास्तिक',
दुसऱ्यात कुणी कुंपणावरून काढलेला फोटो,
पणती, पाठमोरे लवंदे, मथळा 'अखेर शरण'.
चपला फोटोत कापल्या गेल्या होत्या.
टीव्हीवर दोघे तावातावाने भांडत होते,
त्यातल्या एकाची कर्म हीच पूजा मीच छापलेली.
माझ्याकडे वही होती.
फोन उचलला. ठेवला.

दिवस घालायचे नाहीत असं ते लिहून गेलेले,
त्यामुळे भेटायला कधी जावं तेच कळेना.
गेलो तेव्हा पुन्हा तीच वेळ.
मुलगा लिस्बनहून येऊन परत गेलेला,
कामवाली बस गाठायला निघालेली,
रात्रीची बाई अजून यायची होती.
वहिनींच्या दाराशी उभा राहून मी दोन वाक्यं बोललो,
ती छापायच्या लायकीची नव्हती.
बाहेर अंगण विझत चाललेलं.

खिडकीत बुधली होती तिथेच.
काडेपेटी हलवून पाहिली, असतील तीन-चार.
माझी स्वतःची चौकट मी कधी भरली नाही,
कोणी विचारलंच नाही,
आणि आता विचारलं असतं तर
शब्द उरले असते पुष्कळ.

पायरीवर वाकलो, पट्टा सोडायला,
तेवढ्यात आतून, झोपूनच, त्या म्हणाल्या:
'चपला काढू नकोस.
मला त्या आवाजाची सवय आहे.'