केसभर

शिरोकोत कागद आधी भिजतो,
मग तुरट होतो, मग काळवंडतो,
त्यानंतर त्याला कागद म्हणायचं.
तुतीच्या सालीचे तीन ताव:
एकाचे तंतू उभे, मधल्याचे आडवे, वरच्याचे पुन्हा उभे,
आणि मधे कच्च्या काकीफळांचा रस,
दोन पावसाळे माठात मुरलेला.
त्या वासानं नव्या सुनांना आठवडाभर अन्न जात नाही.
मलाही गेलं नव्हतं.
फळीवर चिकटवून उन्हात, मग भुशाच्या धुरात आठ दिवस,
परत रस, परत धूर.
समुद्राकडून वारा आला की साऱ्या गल्लीत फळ्या खडखडतात.

कापायचं काम पुरुषांचं. यासुगोरो रेघा कापायचा,
बोटभर रुंदीत एकवीस.
पोलादी पट्टी, पातं, आणि रेघ संपेपर्यंत श्वास नाही.
त्याच्या घराजवळून जाताना आम्ही
खडावा हातात घ्यायचो.

पण एकवीस रेघा कापलेला कागद म्हणजे काय?
नुसत्या झिरमिळ्या.
रंगारी त्यावर तांदळाची खळ ओढणार,
पहिल्याच ओढीत रेघा एकमेकींच्या गळ्यात पडणार.
म्हणून धागे. म्हणून तोमेनो, आणि तिच्या हाताखाली मी, इचिए,
वय वर्षं चौदा, नखं कापलेली.

साचा जोडीनं कापलेला असतो.
त्याचे दोन पदर सोडवायचे,
पुस्तकासारखा उघडा ठेवायचा,
चौकटीच्या खिळ्यांवरून रेशीम ताणायचं, उभं, तिरपं, उलटं तिरपं,
खालच्या पदरावर टेकवायचं,
आणि वरचा पदर असा मिटायचा
की रेघेवर रेघ.
रस भेगांत साचतो. फुंकर मारायची.
जोरात मारली तर धागा हलतो,
हळू मारली तर भेग बुजते.
"कशी मारू?" मी विचारलं.
"गरम चहावर मारतेस तशी नको," तोमेनो म्हणाली. पुढं काहीच नाही.
मला चार वर्षं लागली.

धागा इतका बारीक की कापडावर उमटत नाही.
खळ त्याच्या खालून सरकते, दोन्ही बाजूंनी येऊन मिळते.
काम चोख झालं की आम्ही नसतोच.
साच्याच्या कोपऱ्यात यासुगोरोचा शिक्का, लाल.

लढाईच्या तिसऱ्या वर्षी रेशीम हवाई छत्र्यांना गेलं.
तोमेनोनं जुन्या ओबीच्या दशा उसवल्या,
त्या संपल्या. शेवटच्या साच्याला
एक धागा कमी पडला. एकच. रात्र होती, दिवा झाकलेला.
ती डोक्याला हात लावून बसली,
मग तोच हात खाली आला तेव्हा
चिमटीत एक लांब केस होता, अर्धा काळा, मुळाकडे पांढरा.
"तू पाहिलं नाहीस," ती म्हणाली.
मी म्हटलं, नाही.

केस रस पीत नाही. रेशीम पितं.
दुसऱ्या दिवशी यासुगोरोनं साचा उजेडात धरला,
बराच वेळ धरला,
डावीकडची सातवी रेघ
केसभर सरकलेली होती. मला दिसत होतं.
त्यानं तोमेनोकडं पाहिलं, तिनं माठाकडं.
मग त्यानं शिक्क्याची डबी उघडली.

आता जाळी विकत मिळते, आयती विणलेली,
लाखेनं चिकटवतात. वास येत नाही.
माझ्या नातसुना मजेत जेवतात.

गेल्या शरदात त्सूच्या दवाखान्यात
समोरच्या बाकावर एक म्हातारी. करड्या किमोनोवर बारीक रेघा.
मी डावीकडून मोजू लागले.
चार, पाच.
तिनं पदर सारखा केला, माझ्याकडं रोखून पाहिलं,
आणि तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.